दातांच्या दवाखान्यातली कॉर्नेट

दात काढून पेशंट अर्ध्या तासात घरी जातो, पण त्याचा किस्सा दवाखान्यातच राहतो. इतकी वर्षं दातांची डॉक्टर म्हणून काढल्यावर माझ्याकडे अशा किश्शांचा ढीग साचणारच. पण गंमत म्हणजे कोणाकडे चहाला गेले की लोक मला दातांचं काही विचारत नाहीत, कॉर्नेटचं विचारतात. माझ्या दवाखान्यात एक्स-रे मशीनशेजारी काचेचं एक कपाट होतं आणि त्यात अकरा जुनी कॉर्नेट आणि ट्रंपेट मांडलेली होती. सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा, "वाद्यं निदान पुसावी तरी लागतात. किस्से आपले आपणच वाढतात."

लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यांत पुढे चालणारा माणूस तीन बटणांचं जे पितळी वाद्य तोंडाला लावून गाण्याची चाल वाजवतो, ते ट्रंपेट नाहीतर कॉर्नेट. ट्रंपेट लांब आणि आवाजाला टोकदार. कॉर्नेट आखूड, गुटगुटीत, आवाजाला मऊ. वयाच्या पस्तिशीपर्यंत मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ते कळलं एका घोड्यामुळे.

* * *

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. माझा दवाखाना नाशिकला द्वारका चौकात होता, टायरच्या दुकानाच्या वर. लग्नसराई नुकती सुरू झालेली. एक दिवस पन्नाशीचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडावर रुमाल. रुमाल बाजूला केला तर वरचे समोरचे दोन्ही दात अर्धे तुटलेले.

"काय झालं?"

"घोडा," ते म्हणाले.

"लाथ मारली?"

"नाही. नवरदेवाचा घोडा होता. फटाक्याला बिचकला, मान झटकली, ती माझ्या कॉर्नेटला लागली. कॉर्नेट दातांना लागलं."

हे काशिनाथ मास्तर. वडिलांनी काढलेला बँड ते चालवायचे. नाशिकरोडच्या बाजूला बुद्धविहारामागे त्यांचं घर होतं. नऊ दिवसांनी सिन्नरला त्यांचं लग्न होतं, म्हणजे वाजवायचं. दात नसले की ओठाला टेकायला काही राहत नाही आणि फुंकर निघून जाते, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं.

मी आठ दिवसांत दोन्ही दातांवर कॅप बसवल्या. काम इतकं सुबक झालं की मी आरसा त्यांच्या हातात दिला आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. मास्तर छान हसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर.

"मॅडम, दात झकास झालेत. घरचे म्हणतात, दहा वर्षांनी लहान दिसता. पण वरचा सूर गेला."

त्यांच्या जुन्या दातांमध्ये एक फट होती, तांदळाचा दाणा जाईल एवढी. मी ती बुजवली होती. कॉलेजात आम्हाला पाच वर्षं हेच शिकवलं होतं. मास्तरांची फुंकर चाळीस वर्षं त्या फटीतून जात होती.

त्यांनी कापडी पिशवीतून कॉर्नेट काढलं आणि खुर्चीत बसले. मी जरासं घासायचं, त्यांनी फुंकून बघायचं, मान हलवायची, मी परत घासायचं. चौथ्या वेळी असा काही सूर लागला की खिडकीची काच थरथरली. मी हातातलं हत्यार खाली ठेवून नुसती ऐकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी पेशंटच्या सांगण्यावरून स्वतःचं चांगलं काम बिघडवलं होतं आणि मला त्याचा आनंद होत होता.

बाहेर दाढ काढायला आलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला हळूच विचारलं, "आता भूल देत नाहीत का? वाजवून काढतात?"

* * *

त्या कॉर्नेटच्या कर्ण्यावर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, द्राक्षाच्या वेलीची नक्षी होती. मी ती भिंग लावून पाहिली आणि मला पितळेचा नाद लागला तो लागलाच. वर्षभरात आमचं एक टोळकंच जमलं. रविवारी सकाळी दवाखाना बंद असायचा, तेव्हा आम्ही चौघं तिथं बसायचो. मी, मास्तर, जुन्या नाशकातले तांबटकाका, आणि देवळालीचे पिंटो सर. तांबटकाकांचा बंब आणि घागरी ठोकण्याचा पिढीजात धंदा. वाद्यांचे पोचे काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पिंटो सर मिलिटरी बँडमधून रिटायर झालेले. त्यांचं मराठी निम्मं हिंदीत असायचं आणि मिशी कायम परेडला निघाल्यासारखी.

पिंटो सर नोटेशन वाचून वाजवायचे. मास्तरांना नोटेशन येत नव्हतं, सगळं कानावर. या एका गोष्टीवरून दोघांची पहिले सहा महिने धुसफूस चालायची. एका रविवारी पिंटो सरांनी एक अवघड मार्च आणला, कागद स्टँडवर लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवला. मग मास्तरांकडे बघून म्हणाले, "अब आप."

मास्तरांनी डोळे मिटले आणि एकदाच ऐकलेला तो मार्च वाजवला. मध्ये दोन ठिकाणी अशा सुंदर हरकती घेतल्या की तांबटकाकांनी मांडीवर थाप मारली. पिंटो सरांनी चष्मा चढवला, कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली.

"मास्टर, ये तो इसमें लिखा ही नहीं है."

"लिहायचं राहिलं असेल," मास्तर म्हणाले.

पुढच्या रविवारी पिंटो सरांनी पेन्सिलीने त्या दोन हरकती कागदावर लिहून आणल्या होत्या. त्यानंतर धुसफूस संपली.

* * *

लासलगावच्या एका शाळेत मी दात तपासायला गेले होते. परत निघाले तेव्हा कांद्याच्या लिलावाला आलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एक ड्रायव्हर कॅनमधून टाकीत डिझेल ओतत होता. नरसाळं म्हणून त्याने टाकीत जे खुपसलं होतं, ते बघून मी रिक्षा थांबवली. तो ट्रंपेटचा कर्णा होता. मानेपाशी मोडलेला, पण कडेला बारीक नक्षी शाबूत.

"हे कुठलं हो?"

"आज्याचं हाय. बाकीचं कवाच मोडून गेलं. एवढंच ऱ्हायलं."

"मला द्याल?"

त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग डिझेल कशानं वतू?"

मी समोरच्या दुकानातून सगळ्यांत मोठं प्लास्टिकचं नरसाळं आणलं, आत जाळी असलेलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि तो एकदम चिंतेत पडला.

"बाई, हे नवं हाय. जाळी बी हाय. तुमचं लय नुकसान व्हतंय. परत इचार करा."

मी म्हटलं, केलाय विचार. तरी त्याचं मन मानेना. रिक्षा सुरू झाली तसा तो मागून पळत आला आणि माझ्या पायाशी कांद्याची एक गोणी टाकून गेला. सुधीरने घरी आल्यावर कांद्याचं फार कौतुक केलं. कर्णा पाहून मात्र विचारलं, "हा गोणीबरोबर फुकट मिळाला का?"

तांबटकाकांनी तो कर्णा एका बिनकर्ण्याच्या ट्रंपेटला इतका बेमालूम जोडला की सांधा शोधून सापडत नव्हता. आवाजही उत्तम. पण पिंटो सरांनी ते कधीच तोंडाला लावलं नाही. म्हणायचे, "इसमें से डीज़ल आता है."

* * *

तांबटकाकांची गोष्ट काढलीच आहे तर हीपण सांगते. देवळालीतल्या एका जुन्या बंगल्यातून मला चांदीचा मुलामा दिलेलं कॉर्नेट मिळालं. वर्षानुवर्षं पेटीत पडून काळं पडलेलं, बाजूला एक पोचा. मला चार दिवस मुंबईला जायचं होतं. जाताना मी ते काकांकडे टाकलं आणि घाईघाईत एवढंच म्हणाले, "काका, पोचा काढा आणि जरा स्वच्छ करून ठेवा."

रविवारी काकांनी ते फडक्यातून बाहेर काढलं. देवघरातल्या तांब्यासारखं पिवळंधमक चमकत होतं.

"डॉक्टरीणबाई, मळ फार हट्टी होता," काका घाम पुसल्यासारखं करत म्हणाले. "चिंच लावली, राख लावली, शेवटी पॉलिशच्या चाकावर धरलं. दोन दिवस घासलं, तेव्हा कुठे खाली पितळ लागलं."

पिंटो सरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला रडावं की काय करावं ते कळत नव्हतं. शेवटी मास्तर हळू आवाजात म्हणाले, "काका, तो मळ चांदीचा होता."

काकांनी कॉर्नेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला.

"मग आधी सांगायचं ना. परत पांढरं पाहिजे असेल तर आत्ता कल्हई करून देतो."

* * *

घोटीच्या पुढे डोंगराकडे एका वाडीत एका म्हाताऱ्याकडे "बटणांची तुतारी" आहे, अशी बातमी तिथल्याच एका गुरुजींनी आणली. ते माझे पेशंट. त्यांच्या जीपमधून मी, मास्तर आणि तांबटकाका निघालो. भात कापणीला आलं होतं. शेताच्या मधोमध राखणीचा उंच माळा आणि माळ्यावर लक्ष्मणबाबा बसलेले, शेजारी कॉर्नेट. तरुणपणी घाटात रेल्वेच्या कामावर असताना कोण्या साहेबाने दिलेलं. तिन्ही बटणं गंजून घट्ट बसलेली. भातात डुकरं शिरली की बाबा ते फुंकायचे. आवाज एकच, गाढवासारखा.

"बाबा, हे मला द्याल का?"

"तुमाला दिलं तं डुकरांना काय देऊ?" बाबा म्हणाले.

पण तांबटकाकांना अडकलेली बटणं बघवेनात. ते आंब्याखाली बसले, घरातून रॉकेल मागून घेतलं आणि तीन तास खपून तिन्ही बटणं मोकळी केली. मास्तरांनी ते वाजवलं तेव्हा वाडीतली सगळी माणसं कामं टाकून गोळा झाली. मास्तरांनी बाबांना बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो, पण फार खूश होतो.

महिन्याने गुरुजी निरोप घेऊन आले. "बाबा म्हणतात, तुमच्या माणसाला पाठवा आन् होतं तसं करून द्या. आवाज लय गोड झालाय. डुकरं पळत नाय, उभी राहून ऐकतात."

तांबटकाकांनी साफ नकार दिला. "मी दुरुस्त करतो. बिघडवायची कामं घेत नाही."

बाबांनी मग डुकरांसाठी पत्र्याचा डबा घेतला. कॉर्नेट वाडीतल्या लग्नांत वाजायला लागलं, असं गुरुजी सांगायचे.

* * *

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सुधीरने मला न सांगता एक कॉर्नेट आणलं. कुठल्याशा प्रदर्शनातून, विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार शंभर वर्षं जुनं आणि थेट विलायतेचं. रविवारी तो मुद्दाम दवाखान्यात आला आणि ते टेबलावर ठेवून उभा राहिला. मला पाहताक्षणीच कळलं. वरचा काळपटपणा रंगाचा होता आणि स्क्रू कोरे करकरीत. पिंटो सरांनी भिंग लावलं, मिशी हलली, ते तोंड उघडणार एवढ्यात मास्तरांनी कॉर्नेट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि वाजवायला सुरुवात केली. चांगली दहा मिनिटं वाजवलं. मग सुधीरकडे देऊन म्हणाले, "सुधीरराव, आवाज चांगला आहे. वय काय, होईल हळूहळू."

घरी जाताना सुधीर म्हणाला, "नवीन आहे ना ते?"

मी म्हटलं, "हो."

"मला तिथंच कळलं होतं. पण तुझ्या कपाटात सगळीच म्हातारी होती. म्हटलं, एक तरुण असू दे."

अकरातलं ते एकटंच असं आहे, ज्याला मी कोणाला हात लावू देत नाही.

* * *

दोन हजार साल उलटलं आणि लग्नांत डीजे आले. मास्तरांचा बँड बंद पडला. त्याच सुमाराला त्यांच्या हिरड्यांनी दगा दिला आणि वरचे सगळे दात काढावे लागले. मी कवळी बनवली. मास्तर त्या कवळीने भाकरी खायचे, शेंगदाणे खायचे, पण कॉर्नेट ओठाला लावलं की कवळी खाली यायची. फुंकरीची हवा तिच्या आत शिरायची.

मग मी दुसरी कवळी करायला घेतली, फक्त वाजवण्यासाठी. तिने घास चावता आला नाही तरी चालणार होतं. सात वेळा मेणाचा साचा केला, सात वेळा मोडला. आमचे सगळे रविवार त्यातच गेले. आठव्या वेळी मास्तरांनी एक अख्खी चाल वाजवली. शेवटच्या सुरापर्यंत. पण मग भिंतीला टेकून बसले, बराच वेळ श्वास घेत राहिले आणि म्हणाले, "झालं, मॅडम. वाजलं एकदा. आता नुसतं जेवायचं." वाजवायची कवळी त्यांनी स्टीलच्या डबीत ठेवली आणि ती घरी घेऊन गेले. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी रविवारी येऊन फक्त ऐकलं. आम्हीही कधी आग्रह केला नाही.

माझ्या मुलीचं, मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा मी आणि सुधीर त्यांच्याकडे पत्रिका घेऊन गेलो. त्यांनी वाचली आणि विचारलं, "बँड कोणता?"

"तो मुलाकडच्यांनी ठरवलाय. तुम्ही पाहुणे म्हणून यायचं. वहिनींना घेऊन."

मास्तरांनी पत्रिका परत पाकिटात घातली. "इतकी लग्नं केली, पण आम्ही गेटपर्यंतच. मांडवात कधी गेलो नाही. आत गेल्यावर कुठे बसायचं असतं?"

"पहिल्या रांगेत," सुधीर म्हणाला.

लग्नाच्या दिवशी मास्तर आले. काळा कोट, पायांत नवीन चपला, सोबत वहिनी. पहिल्या रांगेत पिंटो सर आणि तांबटकाकांच्या मधे बसले. हात मांडीवर, पाठ ताठ. मी दोनदा जाऊन सरबत घेतलं का विचारलं. दोन्ही वेळा म्हणाले, "आमची काळजी करू नका. आम्ही पाहुणे आहोत."

नवरदेव जवळच्या मारुतीच्या दर्शनाला गेला होता. तिथून त्याला वाजतगाजत मांडवात आणायचं होतं. मुहूर्ताला पाऊण तास होता. लांबून बँड ऐकू येत होता. मास्तर मान तिरपी करून ऐकत होते. एकदम मला म्हणाले, "मॅडम, कॉर्नेटवाल्याचा दात दुखतोय."

"इथून कसं कळलं?"

"वरचा सूर आला की तो चोरून पुढे जातोय."

मी हसण्यावारी नेलं. पाच मिनिटांत बँड थांबला. नवरदेवाचे काका धावत आले आणि मागून दोघं जण त्या कॉर्नेटवाल्याला धरून घेऊन आले. तिशीतला धडधाकट माणूस, गालाला हात लावून डोळ्यांत पाणी. मी पैठणीचा पदर खोचला, केटररकडची बॅटरी मागितली आणि मांडवामागे त्याचं तोंड उघडून पाहिलं. वरच्या सुळ्याशी हिरडी टम्म सुजलेली.

"याला आज वाजवता येणार नाही," मी म्हणाले.

"अहो पण नवरदेव देवळात उभा आहे," नवरदेवाचे काका म्हणाले. "नुसत्या ढोलावर आणायचा का? दुसरं कोण आहे वाजवणारं?"

मी बॅटरी विझवून मागे वळले, तर आमचं टोळकं तिथं येऊन उभं होतं. पिंटो सर आपली मिशी चाचपत जमिनीकडे बघत होते. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं आणि फुंकणं डॉक्टरांनी बंद केलं होतं. तांबटकाका मांडवाच्या कापडाकडे बघत होते. मास्तरांकडे बघायचं नाही, हे आम्ही तिघांनी न ठरवताच ठरवलं होतं. त्यांना मी जेवायला बोलावलं होतं.

मास्तर पुढे आले. त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीत बसवलं. त्याच्या हातातलं कॉर्नेट घेतलं, तिन्ही बटणं दाबून बघितली, रुमालाने तोंडाची बाजू नीट पुसली. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी स्टीलची डबी काढली.

"मॅडम," ते म्हणाले, "जेवायचे दात ठेवायला एखादी वाटी मिळेल का?"